समुद्रापलीकडचं राज्य आणि आमची पडवी

विश्राममामा फोनवर नेहमी ओरडून बोलतात. त्यांचा डावा कान तरुणपणीच गेला, आणि स्वतःला कमी ऐकू येणाऱ्या माणसाला समोरच्यालाही कमीच ऐकू येतंय असं वाटत असावं. म्हणून गेल्या महिन्यात त्या सकाळी त्यांचा आवाज इतका हळू आला, तेव्हाच मला काय ते कळलं. मी कुडाळला होते, कॉलेजात शिकवायला निघण्याच्या तयारीत. "बाय, आबा गेलो गो," एवढंच ते म्हणाले. मी "निघाले" म्हटलं तरी त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून खाडीवरचा वारा ऐकू येत होता आणि मधूनच काकीचं रडणं...

आबाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी लहान असताना वडील गेले आणि आईला नि मला काकांनी आरोंद्याच्या घरी आणलं. विश्राममामा म्हणजे काकीचे सख्खे भाऊ, काकांचे मेहुणे. त्यांचं घर त्याच वाडीत, हाकेच्या अंतरावर. मी इतिहास शिकले आणि पुढे इतिहासच शिकवायला लागले, याचं श्रेय लोक माझ्या प्राध्यापकांना देतात. मी ते आमच्या पडवीला देते. कारण त्या पडवीत रोज दुपारी चहाच्या वेळी हे दोन मेहुणे समोरासमोर बसत आणि एकाच विषयावर भांडत. एका देशाने समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या मुलखावर राज्य करावं का, आणि केलं तर त्याला काय म्हणायचं.

विषय पुस्तकी वाटेल, पण त्या दोघांना तो अंगावर आलेला होता. आरोंदा म्हणजे तेरेखोल खाडीच्या काठचं गाव. ऐलतीर आपलं, पैलतीर तेव्हा पोर्तुगिजांचं. आमच्या गावात त्यांना पाखले म्हणत. विश्राममामा विशीचेही नव्हते तेव्हा गोव्याच्या सत्याग्रहात तिरंगा घेऊन पैलतीरी गेले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना दंडुक्याने मारलं, त्यात कान गेला. आणि जवळपास त्याच सुमाराला, पैलतीरच्याच एका नातेवाइकाच्या ओळखीने, आबाकाका आफ्रिकेत गेले होते... पोर्तुगिजांच्याच मोझांबिकमध्ये, एका बंदरावर नोकरीला. एकाला पाखल्यांनी मारलं, दुसऱ्याला पगार दिला. पुढे गोवा मुक्त झाला आणि त्याचा राग पोर्तुगिजांनी मोझांबिकमधल्या भारतीय लोकांवर काढला. काकांना इतरांबरोबर तारेच्या कुंपणात नेऊन ठेवलं, आणि नंतर अंगावरच्या कपड्यांनिशी परत पाठवलं. गावाने त्यांचं स्वागत पाखल्यांनी हाकलून दिलेला आपला माणूस म्हणून केलं. विश्राममामांनी तर आपली बहीणच त्यांना दिली. "माझ्यासारखोच सोसून इलो," असं त्यांनी घरी सांगितलं होतं म्हणे.

लग्नानंतर वर्ष झालं नसेल, मामांना कळलं की आपला मेहुणा पाखल्यांची बाजू घेतो.

काका सोसायटीत कारकून होते, उरलेला वेळ काजूच्या बागेत. अंगाने सडसडीत, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली, बोलणं तोलूनमापून. पण विषय निघाला की त्यांच्यात दुसराच कोणी शिरायचा. "वसाहत नाय म्हणायचा," ते म्हणत. "प्रांत. समुद्रापलीकडचो प्रांत." हे वाक्य खुद्द पोर्तुगीज सरकारचं, जगाने वसाहती सोडा म्हटल्यावर त्यांनी शोधून काढलेलं. मी ते पुढे एम.ए.ला वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, कारण मला ते दुसरीत असल्यापासून पाठ होतं. मामा लगेच विचारत, "प्रांत? मगे त्या प्रांतात मत देवचो हक्क कोणाक होतो, ता सांग." काका मताचं उत्तर देत नसत, रस्त्यांचं देत. रस्ते, आगगाडी, बंदरावरच्या क्रेन, दिवाबत्ती. तेही पुरलं नाही तर आपल्या मागच्या बागेकडे बोट दाखवत, काजू-मिरची इथे पाखल्यांनीच आणली म्हणून. "काजू कोणी हाडलो? मिरची कोणी हाडली? उद्यापासून कढयेत मिरची घालू नको म्हणान सांग बायलेक."

"मिरची हाडली म्हणान माझो कान फोडूचो?"

मग काकी आतून म्हणे, "पाखले कधीचे गेले. तुमी त्येंका पडवेत कित्या बसवून ठेवलास?" दोघंही हसत, चहा पीत, आणि उद्या पुन्हा तेच.

एकदा मात्र काकांनी मामांना निरुत्तर केलं. मी तेव्हा कॉलेजात होते. मामा वर्तमानपत्रातून चोळांच्या आरमारावरचा लेख मोठ्याने वाचून दाखवत होते, आपली जहाजं पूर्वेकडे कुठे कुठे जाऊन जिंकून आली ते. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "आपले गेले तर पराक्रम, आणि पाखले इले तर चोरी? थंयल्या मानसांक काय वाटला असात?" मामा वर्तमानपत्राची घडी घालून उठून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते पडवीची पायरी चढता चढता म्हणाले, "काल तू म्हणालंस ता बरोबर. जो जाता तो चोरच. आपलो असो, नायतर परको." मला वाटलं, काका खूश होतील. पण त्यांचा चेहरा पडला. त्यांना चोळांना खाली आणायचं नव्हतं, पाखल्यांना वर न्यायचं होतं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. पाखल्यांनी ज्याला कुंपणात घातलं, तोच त्यांची एवढी वकिली का करतो, हे मामांनाही कळत नव्हतं... किंवा कळत नाही असं ते दाखवत होते.

काही वर्षांपूर्वी, करोनाच्या आधी, मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला साम्राज्यवाद शिकवत होते. राष्ट्रं समुद्र ओलांडून का जातात, याची कारणं मी फळ्यावर लिहीत असे... व्यापार, धर्म, प्रतिष्ठा, कच्चा माल. मुलं उतरवून घेत आणि परीक्षेत परत देत. मला वाटलं, या मुलांना प्रत्यक्ष माणसं दाखवावीत. एका शनिवारी मी दोघांना माझ्या गाडीतून कुडाळला नेलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मामा वाटभर मुद्दे तोंडपाठ करत होते.

आधी मामा बोलले. त्यांनी सत्याग्रह सांगितला, कान दाखवला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग काका उठले. "विद्यार्थी मित्रहो," अशी त्यांनी अगदी शुद्ध मराठीत सुरुवात केली. रस्ते आले, आगगाडी आली, काजू आणि मिरची आली. मुलं हसली. काका खुलले. ते खाली बसणार एवढ्यात वैभववाडीकडची सायली नावाची मुलगी उठली. अभ्यासू, पण वर्गात फारसं न बोलणारी. तिने विचारलं, "आजोबा, बंदरावर तुमच्या हाताखाली जी माणसं होती, ती कामाला आपणहून आली होती का?"

काका म्हणाले, "तिथली पद्धत अशी होती की..." आणि थांबले. पेल्यातलं पाणी प्यायले. पुन्हा म्हणाले, "पद्धत अशी होती..." मग त्यांची ती शुद्ध मराठी गळून पडली.

"नाय. धरून हाडलेली," ते म्हणाले. "बंदरार माल चढवूक माणसां लागत. आतल्या गावांतसून धरून हाडीत. माझा काम काय, तर सकाळी शिट्टी मारायची, सगळ्यांक रांगेत उभा करायचा, आणि कोण येवक नाय ता सायबाक सांगायचा. मारूचा काम माझा नाय होता. मिया कधी कोणाक हात लावक नाय." ते खिडकीकडे पाहत बोलत होते. "एक दिवस एक झील येवक नाय. तो पळालो. मिया सायबाक सांगलंय. दुसऱ्या दिवशी त्येच्या जाग्यार त्येच्या बापाशीक हाडल्यानी. म्हातारो. पोराच्या वाटणीची पोती तो उचली. आणि रोज सकाळी माका नमस्कार करी... माकाच. मगे एक दिवस तो दिसाक नाय. मिया इचारूक नाय."

काका सायलीकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "म्हणान मिया सांगतंय, रस्ते केले, बंदर केला. ता नको म्हणू, तर मिया काय म्हणू?"

परतताना गाडीत मला लहानपणीची एक गोष्ट आठवली. जत्रेतून आणलेली माझी प्लास्टिकची शिट्टी काकांनी हातातून काढून घेऊन खाडीत फेकली होती. मी दिवसभर रडले होते, आणि एरवी माझ्या डोळ्यांत पाणी न बघवणाऱ्या या माणसाने माझी समजूतसुद्धा काढली नव्हती. आरोंद्याला पोहोचल्यावर मामा आपल्या घरी न जाता काकांबरोबर काळोख पडेपर्यंत पडवीत बसले. काकीला मी चुलीपाशी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "माका येवढाच म्हायत होता की ह्येंका कायतरी टोचता. मिया समाजलंय, कुंपणातला आसात."

त्यानंतर पडवीतला वाद बंद झाला. मामा यायचे, काका समोर बसायचे, चहा व्हायचा. काका पाखल्यांचं नाव काढत नसत, आणि मामांना एकट्याने बोलता येईना. खरं तर मामा जिंकले होते. पन्नासहून अधिक वर्षांचा वाद त्यांनी जिंकला होता, आणि हरलेल्या माणसापेक्षा तेच जास्त खचलेले दिसत होते. काकांचं जेवण कमी झालं, बागेत जाणं कमी झालं. काकीचा मला फोन आला, "घरात आवाज नाय गो. भांडणा बरी होती."

मी रविवारी गेले, तर एक नवलच पाहिलं. मामा येऊन बसले आणि छपराकडे पाहत म्हणाले, "बंदर मात्र पाखल्यांनी बरा बांधलेला हां." काका खाडीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने मामा म्हणाले, "आणि शिस्त. शिस्त होती त्येंच्या राज्यात." काकीने सांगितलं, हे चार दिवस चाललंय. काल आगगाडी झाली, परवा शाळा. शेवटी मामा म्हणाले, "पाखलो होतो म्हणान गोव्यात चोरी नाय होती."

काकांनी मान वळवली. "विश्राम, ज्येणां तुजो कान फोडलो त्येची वकिली करतंस?"

"मगे तू कर," मामा म्हणाले. "तुजा काम मिया किती दिवस करू?"

काका आधी हसले, मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते रडायला लागले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. मामा उठले नाहीत, जवळ गेले नाहीत. फक्त आपला चहा त्यांच्याकडे सरकवला.

वाद पुन्हा सुरू झाला, पण तो आता देशांचा राहिला नव्हता. मोठ्या राज्याच्या यंत्रात जो लहान माणूस शिट्टी वाजवतो, त्याच्याकडे दोष किती? मामा काकांची बाजू घेत, काका स्वतःच्या विरुद्ध बोलत. मामा म्हणत, राज्य पाखल्यांचं, हुकूम त्यांचा, बंदूक त्यांची. तू सांगितलं नसतंस तर दुसऱ्याने सांगितलं असतं. काका म्हणत, दुसऱ्याने सांगितलं असतं तर आज दुसऱ्याची झोप गेली असती. साम्राज्यावर मी पुष्कळ वाचलं आहे, बाजूचं आणि विरुद्धचं. पण हा मुद्दा इतक्या कमी शब्दांत मला कुठे मिळाला नाही. एकदा मामा कळवळून म्हणाले, "अरे, कोवळो होतंस. पोट होता. तुका काय कळत होता?"

"तूय त्याच वयाचो होतंस," काका म्हणाले. "तुकाय पोट होता."

शेवटची दोन वर्षं काका थकत गेले. पण एक सवय त्यांना लागली होती. आमच्याकडे आंब्या-काजूच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं असतात, होड्यांवर खलाशी म्हणून ओडिशा-झारखंडची पोरं येतात. वाटेने त्यांतलं कोणी गेलं की काका पडवीतून हाक मारून थांबवत. मोडक्यातोडक्या हिंदीत नाव विचारत, गाव विचारत, घरी कोण कोण आहे ते विचारत. दुसऱ्या दिवशी तोच माणूस दिसला की त्याला नावाने हाक मारत. नाव चुकलं तर अस्वस्थ होत आणि काकीला विचारत राहत. त्यांना उत्तरं मिळत, कधी चार काजूबिया मिळत, कधी नुसतं हसणं. लोक म्हणत, म्हातारा बडबडा झाला. मला तो सगळ्या जन्मात पहिल्यांदाच नीट बोलायला लागल्यासारखा वाटत होता.

आमची शेवटची भेट फाल्गुनात झाली. ते पडून होते, आवाज बारीक झाला होता. मला जवळ बसवून म्हणाले, "तू शिकवतंस त्येच्यात राजे येतत, जहाजां येतत, सैन्य येता. शिट्टी मारणारो येता?"

"फारसा नाही, काका."

"येवक व्हयो," ते म्हणाले. "तेच्याबगर राज्य चलत नाय." मग डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि कुडाळला परत आले. त्यानंतर थेट मामांचा फोन.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी सायली आली. ती आता वैभववाडीकडे एका शाळेत शिकवते. मी मोबाइलवर टाकलेला काकांचा फोटो पाहून ती सावंतवाडीपर्यंत रेल्वेने आणि तिथून एसटीने आली होती. काकीच्या पाया पडली आणि पडवीत मामांसमोर बसली. बराच वेळ ओढणीचं टोक पिळत होती. मग म्हणाली, "आजोबा, मी तो प्रश्न विचारायला नको होता का? आमचे पणजोबा वेठीला जायचे. साहेबाचं सामान डोक्यावर घेऊन घाट चढायचे. घरी सगळे सांगतात. म्हणून मला ते एकदम सुचलं. त्या आजोबांना त्रास व्हावा असं माझ्या मनात नव्हतं..."

मामांनी उजवा कान तिच्याकडे केला होता. त्यांनी सगळं ऐकलं. "चेडवा," ते म्हणाले, "तो प्रश्न माका पयल्या दिवसापासून येय होतो. मिया इचारूक नाय. उत्तर काय येतला ता माका दिसत होता. आणि ता इल्यार माझ्या भयणीच्या घराची पायरी मिया कसो चढतलंय होतंय? म्हणान रस्त्यार भांडलंय, मिरचेर भांडलंय. तू इचारलंस ता बरा केलंस. मरताना तो हलको होतो."

सायलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने विचारलं, "तुम्ही त्यांना माफ केलंत?"

"आबान माझा काय करूक नाय, बाय. माझो कान फोडलो तो दुसरो कोण. आबान माझी भयण सुखात ठेवल्यान. मिया कसली माफी देव? ती देणारो थंयच रवलो, समुद्राच्या पलीकडे. आणि त्येचा नाव आबाकय म्हायत नाय होता."

काकीने तिला जेवायला घातलं. संध्याकाळच्या एसटीला मी तिला सोडून आले, तेव्हा मामा पडवीत नव्हते. मला वाटलं, घरी गेले असतील. आत गेले तर ते काकांच्या खोलीत होते, कॉटच्या कडेवर बसलेले. लग्नसंबंध जुळल्यापासून या घरात ते रोज आले, पण त्यांची हद्द पडवीपर्यंतच. बहिणीच्या घरात आतल्या खोलीत शिरायचं नाही, असा त्यांचा जुना रिवाज. कॉटवर काकीने धुतलेली चादर घातली होती, खुंटीला काकांचा शर्ट तसाच होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मामांचा एक हात उशीवर होता. दिवेलागण होत आली होती, म्हणून मी खिडकी लावायला पुढे झाले.

"ऱ्हवांदे गो," ते म्हणाले, अगदी हळू. "जरा बसतंय हयसर."